पाटी तीच, गल्ला दुसऱ्याचा: हॉटेल बुकिंगचं अ‍ॅप विकलं गेल्यावर काय काय बघायचं

आमच्या खानदानात कुठेही जायचं ठरलं की बुकिंगचं खातं माझ्याकडे येतं, पगार नाही, पेन्शन नाही, पण काही बिघडलं तर शिव्या मात्र मलाच. तर परवा फॅमिली ग्रुपवर आत्तेबहिणीचा मेसेज आला, दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरला जायचंय, "मी मेकमायट्रिपवर पण बघितलं आणि गोआयबिबोवर पण बघितलं, दोन्हीकडे जवळजवळ सेमच रेट आहे, म्हणजे रेट बरोबर असणार, करून टाकू ना?" मी लिहिलं, थांब, फोन करते. मग तिला पाऊण तास जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण हा घोळ फक्त तिचा नाहीये, निम्म्या लोकांचा आहे.

ही दोन्ही अ‍ॅप एकाच घरची आहेत हो. ऑक्टोबर २०१६ मध्ये मेकमायट्रिपने आयबिबो ग्रुप घेतल्याचं जाहीर झालं आणि ३१ जानेवारी २०१७ ला व्यवहार पूर्ण झाला, त्यात गोआयबिबो आलं आणि बसवाली रेडबस पण आली. म्हणजे इतकी वर्षं झाली तरी आपण एकाच दुकानाच्या दोन काउंटरवर भाव विचारून येतो आणि सांगतो काय, तर सगळं मार्केट फिरून आले. पाटी काढत नाहीत ना, म्हणून कळत नाही. आपल्याकडे किराणा दुकान विकलं गेलं तरी "जोशी प्रोव्हिजन" तसंच राहतं आणि आत जोशी कुणीच नसतो, तसंच आहे हे.

तर पहिलं काम, मालक कोण ते बघा. हे अवघड नाही, पाच मिनिटं लागतात. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरात कॉपीराइटच्या पुढे कंपनीचं नाव असतं ते वाचा, प्ले स्टोअरवर डेव्हलपर म्हणून कोण लिहिलंय ते बघा, आणि सगळ्यात पक्कं म्हणजे जुनं एखादं इनव्हॉइस मेलमध्ये शोधून काढा, त्यावर जीएसटी नंबरच्या आसपास कंपनीचं खरं नाव छापलेलं असतं. ते नाव आणि अ‍ॅपचं नाव वेगळं असेल तर ते नाव गुगल करा, कुळ सापडतं.

पाठ करायचं असेल तर मोठी घराणी फार नाहीत. बुकिंग डॉट कॉम, अगोडा आणि कयाक हे एक घर. यातली गंमत अशी की अमेरिकेतल्या प्राइसलाइनने २००५ मध्ये नेदरलँड्सची ही बुकिंगवाली कंपनी १३ कोटी ३० लाख डॉलरला घेतली, २००७ मध्ये अगोडा घेतली, २०१३ मध्ये कयाक, आणि बुकिंगच इतकी वाढली की २०१८ मध्ये मूळ कंपनीने स्वतःचं नाव बदलून बुकिंग होल्डिंग्ज केलं, म्हणजे सासूने सुनेचं आडनाव लावावं तसं. दुसरं घर एक्सपीडियाचं, त्यात हॉटेल्स डॉट कॉम, व्हर्बो, ऑर्बिट्झ, ट्रॅव्हलॉसिटी आणि रेट तुलना करून दाखवणारं ट्रिवागो, त्यातही मोठा वाटा त्यांचाच. म्हणजे तुलना करून देणारा पण घरचाच माणूस, हे लक्षात ठेवा. स्कायस्कॅनर चीनच्या ट्रिप डॉट कॉमचं आहे, २०१६ पासून, तेव्हा त्या कंपनीचं नाव सीट्रिप होतं. याच ट्रिप डॉट कॉमचा मेकमायट्रिपमध्ये पण बरीच वर्षं मोठा हिस्सा होता, २०२५ मध्ये मेकमायट्रिपने शेअर परत विकत घेऊन तो २० टक्क्यांच्या खाली आणला. क्लिअरट्रिप २०२१ मध्ये फ्लिपकार्टने घेतली, म्हणून तर फ्लिपकार्टवर हॉटेलं दिसतात आणि मागचं काम क्लिअरट्रिप करते. आणि ट्रॅव्हलगुरू आठवते का कुणाला? ती २००९ मध्ये ट्रॅव्हलॉसिटीने घेतली, २०१२ मध्ये यात्रा डॉट कॉमने घेतली. पोरगी दोनदा सासरी गेली.

आता याचा उपयोग काय, तर रेट बघताना एका घरातलं एकच अ‍ॅप उघडायचं. तीन वेगळ्या घरची तीन अ‍ॅप बघा आणि चौथा फोन थेट हॉटेलला, बास, यापुढे बघत बसलात तर खोली जाते. एका घरातली दोन अ‍ॅप बघायला हरकत नाही पण ती कूपन शोधायला, रेट खरा की खोटा ते ठरवायला नाही.

आता विकलं गेल्यावर आतमध्ये नक्की काय बदलतं, ते मला समजलं कर्द्याच्या पडवीत. माझ्या मावसभावाचं दापोलीजवळ कर्द्याला सात खोल्यांचं लॉज आहे, जांभ्याचं जुनं घर पुढे आणि मागे नवीन खोल्या. मागच्या मे महिन्यात आम्ही गेलो होतो तेव्हा हा पडवीत पाटावर बसून एका हाताने सोलकढी पितोय आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर तारखा टिपतोय. या अ‍ॅपवाल्यांचा हॉटेलवाल्यांसाठी वेगळा पॅनल असतो, त्याला एक्स्ट्रानेट म्हणतात, तिथे तारखेवार किती खोल्या विकायला ठेवल्या आणि काय भावाने ते भरायचं असतं. मेकमायट्रिप आणि गोआयबिबोचा हा पॅनल एकच आहे आणि त्याचं नावच इन्गो-एमएमटी, दोघांची नावं जोडून केलेलं, म्हणजे लग्नपत्रिकाच. मी म्हटलं, "बघू, एक खोली बंद कर." मी माझा आणि नवऱ्याचा असे दोन फोन हातात घेऊन बसले, त्याने २४ तारखेची शेवटची खोली बंद केली आणि दोन मिनिटांनी दोन्ही अ‍ॅपवरून लॉज गायब. मग परत चालू केली, दोन्हीकडे परत आलं. तो म्हणाला, "ताई, मला काय, एकाच रांजणात पाणी ओततो, नळ त्यांनी दोन लावलेत."

टेकओव्हरमध्ये पहिल्यांदा हेच एक होतं, रांजण. पुढचं अ‍ॅप, रंग, लोगो, टीव्हीवरची जाहिरात हे सगळं वर्षानुवर्षं वेगळं ठेवतात कारण गिऱ्हाईक नावाला चिकटलेलं असतं. कधी कधी तर रांजण आधी एक होतो आणि विक्री नंतर, ट्रॅव्हलॉसिटीचं असंच झालं, २०१३ मध्येच तिची साइट एक्सपीडियाच्या यंत्रणेवर चालायला लागली होती आणि २०१५ च्या जानेवारीत एक्सपीडियाने ती २८ कोटी डॉलरला घेऊनच टाकली, म्हणजे वर्षभर तरी लोक एका दुकानात शिरून दुसऱ्याचा माल घेत होते.

आणि रांजण एक करताना सांडतं थोडं. म्हणून अ‍ॅप नुकतंच विकलं गेलं असेल, म्हणजे साधारण वर्षभराच्या आत, तर खोलीचं वर्णन नीट वाचायचं, फोटोवर जायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या भाषेत ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता धरून, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण. एका सिस्टीममधून दुसरीत माहिती नेताना हेच सगळ्यात जास्त उलटंपालटं होतं, मावसभावाच्या लॉजला एकदा तीन आठवडे "नाश्त्यासह" दिसत होतं आणि याला पत्ताच नाही, येणारा प्रत्येक जण सकाळी पोहे मागायचा. पोहे दिले त्याने, पण प्रत्येक मालक देईलच असं नाही. मग बेड किती, एसी आहे का, लहान मुलाचं वय किती धरलंय, चेक-इन बारा की दोन, हे सगळं पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या पानावर पुन्हा एकदा बघा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. नंतर पान बदलतं, स्क्रीनशॉट बदलत नाही.

रिव्ह्यूंचं पण तेच. दोन अ‍ॅपचे रिव्ह्यू एकत्र केले की एकदम "१२०० रिव्ह्यू, ४.२" असं भारदस्त दिसायला लागतं, पण त्यात चार वर्षांपूर्वीचे, मालक बदलायच्या आधीचे, रंगकामाच्या आधीचे सगळे असतात. सगळ्यात नवीन आधी असं लावून वरचे दहाच वाचा, आणि त्यातले पण तीन स्टारवाले वाचा, पाचवाला खूश असतो, एकवाला चिडलेला असतो, तीनवाला बिचारा खरं सांगतो.

डिस्काउंटबद्दल लोकांची फार तक्रार असते, "पूर्वी ह्याच अ‍ॅपवर काय ऑफर मिळायच्या". मिळायच्याच हो. २०१४-१५-१६ च्या काळात ही अ‍ॅप एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायला गुंतवणूकदाराच्या खिशातले पैसे उडवत होती, हजाराची खोली सातशेला मिळायची तेव्हा वरचे तीनशे हॉटेलवाला नाही, अ‍ॅपवाला भरायचा. भांडणारे दोघं एका घरात आले की भांडायला उरतं कोण? ऑफर बंद होत नाहीत पण त्यांचा आकार बदलतो, सरसकट सूट जाऊन अमुक बँकेचं कार्ड, तमुक दिवशी, किमान इतक्या रकमेचं बुकिंग असं सुरू होतं. त्यामुळे जुनी सवय सोडायची, वरच्या खोडलेल्या किमतीकडे आणि "६२ टक्के सूट" कडे बघायचंच नाही, बघायचा तो शेवटचा आकडा, टॅक्स, अ‍ॅपची फी सगळं धरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८, तर हिशोब जुळतोय का हे तुम्हीच कॅल्क्युलेटरवर मारून बघू शकता. "टॅक्स आणि फी" असा एकच आकडा दाखवत असतील तर त्यावर टॅप करून फोड बघा, त्यातली फी कुणाची किती ते तिथे कळतं.

आणि "फक्त १ रूम शिल्लक, ३४ जण बघतायत" हे वाचून घाम फुटू देऊ नका. असली खोटी घाई, आपणहून टिक करून ठेवलेला इन्शुरन्स, शेवटच्या पानावर हळूच वाढणारी किंमत, हे सगळे प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या गाइडलाइनमध्ये नावं घेऊन धरलेत, एकूण १३ प्रकारचे डार्क पॅटर्न, म्हणजे गिऱ्हाईकाला गंडवायच्या युक्त्या, आहेत त्यात. तरी टिक करून ठेवलेलं काही दिसलं तर काढायचं आपणच, गाइडलाइन येऊन टिक काढत नाही.

आता "सोल्ड आऊट" ची गोष्ट, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा लांबवते.

एका घरात बरीच अ‍ॅप आली की हॉटेलवाल्याची मान आवळली जाते, कारण जायचं कुठे. हॉटेल आणि रेस्टॉरंटवाल्यांची देशातली मोठी संघटना, एफएचआरएआय, हिने मेकमायट्रिप-गोआयबिबो आणि ओयोविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला आणि १९ ऑक्टोबर २०२२ ला निकाल आला, मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी दंड. मुद्दे दोन-तीन होते. एक म्हणजे हॉटेलवाल्याने दुसऱ्या अ‍ॅपवर किंवा स्वतःच्या वेबसाइटवर यापेक्षा कमी रेट लावायचा नाही अशी अट, याला रेट पॅरिटी म्हणतात. दुसरं म्हणजे ओयोशी करार करून फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो या ओयोच्या स्पर्धकांची हॉटेलं यादीतून काढणं. आयोगाने सांगितलं की हॉटेलांच्या करारातून त्या पॅरिटीच्या अटी काढा, आणि अजून एक सांगितलं जे आपल्या कामाचं आहे, की एखादं हॉटेल अ‍ॅपवर मिळत नसेल तर ते का मिळत नाही ते लोकांना स्पष्ट दाखवा, आमच्या वाट्याच्या खोल्या संपल्या की आमचा त्या हॉटेलशी करारच संपला.

हे कळल्यापासून मी "सोल्ड आऊट" वर विश्वास ठेवणं सोडलं. कुठल्याही अ‍ॅपवर सोल्ड आऊटचा अर्थ "या अ‍ॅपला दिलेल्या खोल्या संपल्या" इतकाच घ्यायचा. मावसभाऊ सात खोल्यांतल्या चारच अ‍ॅपवर टाकतो, दोन फोनवाल्यांसाठी ठेवतो आणि एक दारात येऊन उभ्या राहणाऱ्यासाठी, कारण कोकणात पावसात रात्री नऊला कुणी ना कुणी येतंच. अ‍ॅपवर त्याचं लॉज भरलेलं दिसतं तेव्हा आत तीन खोल्या रिकाम्या असू शकतात. म्हणून हवं ते हॉटेल सोल्ड आऊट दिसलं तर हताश होऊन लांबचं दुसरं घेऊ नका, फोन करा. आणि फोनवर "अ‍ॅपवर इतका दाखवतायत, तुम्ही काय देता" असं सरळ विचारा, लाजायचं नाही. कमिशन वाचत असतं त्यांचं, मावसभावाला शंभरातले वीस-पंचवीस द्यावे लागतात, त्यातले पाच-दहा तो तुम्हाला सोडतो नाहीतर नाश्ता घालतो.

पॉइंट, वॉलेट, कॅशबॅक यांचं एका वाक्यात सांगायचं तर विक्रीची बातमी वाचली की ते आधी खर्च करा. हे पैसे नसतात, पैशासारखे दिसतात फक्त. हॉटेल्स डॉट कॉमची जुनी स्कीम परदेशातल्या आपल्या लोकांमध्ये फार लोकप्रिय होती, दहा रात्री राहा आणि त्या दहांच्या सरासरी किमतीची एक रात्र फुकट, म्हणजे ढोबळमानाने दहा टक्के परत. २०२३ च्या जुलैमध्ये एक्सपीडियाने अमेरिकेत एक्सपीडिया, हॉटेल्स डॉट कॉम आणि व्हर्बोची मिळून वन की नावाची एकच स्कीम आणली आणि त्यात हॉटेल बुकिंगवर आपल्याला परत मिळायला लागले दोन टक्के. न्यू जर्सीतला माझा चुलतदीर कामासाठी महिन्यातून आठ रात्री हॉटेलात असतो, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. म्हणजे हॉटेल्स डॉट कॉम तर एक्सपीडियाच्या हातात किती तरी वर्षांपासून होतं, चटका मात्र एवढ्या उशिरा बसला. तेव्हा विक्री झाल्यावर सहा महिने काही बदललं नाही म्हणजे सुटलो असं समजू नका.

माझं स्वतःचं सांगते, नाव लिहीत नाही, एका अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये माझे १८४० रुपये होते, रद्द केलेल्या बुकिंगचे. ते अ‍ॅप दुसऱ्याने घेतलं, मेल आला "आपले अकाउंट नव्या परिवारात सामील करा", मी बरं म्हणून बटण दाबलं, आणि १८४० चे झाले १८४० "कॉइन", जे एका बुकिंगला जास्तीत जास्त १० टक्के वापरता येतात आणि नव्वद दिवसांत संपतात. भांडले, पण नव्या अटी मान्य केल्याची टिक मीच केलेली. म्हणून असा मेल आला तर बटण दाबायच्या आधी चार गोष्टी: बॅलन्सचा स्क्रीनशॉट, त्यातला कुठला पैसा आपण भरलेला आणि कुठला त्यांनी बक्षीस दिलेला याची फोड, शेवटची तारीख, आणि रद्द केलेल्या बुकिंगचा पैसा वॉलेटऐवजी खात्यात परत मागता येतो का हे चॅटवर विचारून ठेवणं. एरवी पण बुकिंग रद्द करताना "वॉलेटमध्ये लगेच" आणि "बँकेत ५ ते ७ दिवस" असे दोन पर्याय दिले तर बँकच घ्या, घाई कसली आहे.

सेव्ह केलेल्या कार्डाचं फार टेन्शन घेऊ नका, ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अ‍ॅपला कार्ड नंबर ठेवता येत नाही, त्याऐवजी एक बदली कोड, म्हणजे टोकन, ठेवतात, तरी वापरत नसलेल्या अ‍ॅपमधून ते काढून टाका. पासपोर्ट आणि आधारचे फोटो मात्र शोधून डिलीट करा, ते आपणच कधीतरी उत्साहात चढवलेले असतात.

आता सगळ्यात वाईट केस, बुकिंग आधीच झालंय आणि मधल्या काळात अ‍ॅप विकलं गेलंय. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आम्ही अकरा जण गेलो होतो, चार खोल्या, पैसे दोन महिने आधी भरलेले, रात्री साडेदहाला हॉटेलवर पोचलो, आईचा गुडघा दुखतोय, पोरं पेंगलेली, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, हे अ‍ॅप तर आमच्याकडं बंद झालंय की. ते दुसऱ्यांनी घेतलं, आमचं अ‍ॅग्रीमेंट पुढं झालंच नाही." माझ्या फोनवर हिरव्या रंगात कन्फर्म्ड, त्याच्या रजिस्टरमध्ये काही नाही. कस्टमर केअरला जुन्या नंबरवर नुसती धून वाजत होती. त्या मुलाचे उपकार, त्याने दोन खोल्या काढून दिल्या आणि दोन पलीकडच्या गल्लीत ओळखीच्या लॉजमध्ये लावल्या, पण पैसे परत भरावे लागले आणि आधीचे परत मिळायला १९ दिवस गेले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे, अ‍ॅप विकलेलं असो नसो. बुकिंग केल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा आणि जायच्या दोन दिवस आधी एकदा हॉटेलला फोन. विचारायचं काय, तर "बुकिंग आहे का" असं नाही, त्यावर सगळे हो म्हणतात. विचारायचं, "तुमच्या सिस्टीममध्ये माझं बुकिंग कुठल्या कंपनीकडून आलंय आणि तुमच्याकडचा नंबर काय दिसतोय, आणि पैसे पूर्ण भरलेले दिसतायत की हॉटेलवर द्यायचे दिसतायत?" अ‍ॅपचा बुकिंग आयडी वेगळा आणि हॉटेलचा नंबर वेगळा असू शकतो, दोन्ही लिहून ठेवा. व्हाउचरची पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, अ‍ॅपच्या भरवशावर नको, कारण दोन अ‍ॅप एक करताना जुनी बुकिंगं "माय ट्रिप्स" मधून दिसेनाशी होऊ शकतात, माझं झालंय. हॉटेलवाल्यांनी बुकिंग नाही म्हटलं तर त्याच क्षणी अ‍ॅपवाल्यांना लेखी कळवा, चॅट किंवा मेल, फोनवर बोलण्याला पुरावा नाही.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. अ‍ॅप विकलं गेलं की जुने नंबर बंद होतात, लोक चिडून सर्च करतात, आणि तिथे भामटे नंबर लावून बसलेलेच असतात, "रिफंडसाठी ही फाइल इन्स्टॉल करा" म्हणतात आणि खातं साफ. नंबर फक्त अ‍ॅपच्या आतून किंवा व्हाउचरवरून घ्यायचा. फसलातच तर लगेच १९३० ला फोन, जितक्या लवकर तितके पैसे अडकवता येतात.

तक्रार कुणावर करायची यात पण लोक चुकतात. जुना मालक म्हणतो आम्ही विकलं, नवा म्हणतो ते आमच्या आधीचं, हॉटेल म्हणतं आम्हाला पैसेच आले नाहीत, असा तिघांचा फुटबॉल आणि चेंडू आपण. सोपा नियम, पैसे ज्याच्या नावावर गेले आणि इनव्हॉइस ज्याने दिलं त्याला धरायचं, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ते नाव असतं. आधी अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमणं आणि त्याचं नाव-पत्ता दाखवणं त्यांना बंधनकारक आहे, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. माझे कोल्हापूरचे पैसे १९१५ वर तक्रार टाकल्यानंतर हलले, आणि मी त्यात स्टेटमेंट, व्हाउचर आणि पलीकडच्या लॉजची हाताने लिहिलेली पावती असं तिन्ही जोडलं होतं.

थेट हॉटेलकडे बुकिंग करतानाही डोळे मिटून करायचं नाही हं, हॉटेलच्या नावाने खोट्या वेबसाइट असतात, नकाशावरचा नंबर पण कुणीतरी बदललेला असू शकतो. दोन ठिकाणचा नंबर जुळतोय का बघा, आणि पूर्ण पैसे आधी देऊ नका.

आत्तेबहिणीने हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अगं एवढं करण्यापेक्षा घरीच फराळ खात बसते." पण केला तिने फोन. अ‍ॅपवर दोन खोल्यांचे दोन रात्रींचे सगळं धरून २१,३०० होत होते, हॉटेलवाला १९,००० म्हणाला नाश्ता धरून. चार हजार अ‍ॅडव्हान्स टाकायला गेली तर जीपेवर हॉटेलचं नाही, कुणा बाईचं नाव आलं, घाबरून मला फोन, मी म्हटलं टाकू नको, हॉटेलच्या लँडलाइनला लाव. लावला, तर मालकाच्या बायकोचं खातं निघालं, आणि मागून तीच बाई फोनवर येऊन म्हणाली, "अहो सासूबाई येतायत ना तुमच्या, मग वरच्या मजल्यावरच्या खोल्या नका घेऊ, जिना उंच आहे." संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पावतीचा फोटो आला, बिलबुकातलं गुलाबी पान, त्यावर पेनाने लिहिलेलं: २ खोल्या, २ रात्री, नाश्त्यासह, तळमजला, एक बेड खिडकीपासून लांब.